‘घटनाकारांना अपेक्षित होतं’ म्हणजे नेमकं कोणाला? ग्रॅनव्हिल ऑस्टिन वाचताना

कोणाचाही सिनॉप्सिस वाचायला घ्या, पहिल्या तीन पानांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘घटनाकारांना हेच अपेक्षित होतं.’ विषय ग्रामपंचायतीचा असो, सहकाराचा असो की आरक्षणाचा. पुढे नाव नाही, तारीख नाही, कोण कधी कुठे काय म्हणालं याचा पत्ता नाही. आरआरसीसमोर हे वाक्य सहसा खपून जातं, कारण ऐकणाऱ्यांनाही ते पाठ असतं. पण आमच्या रसायनशास्त्राच्या थिसिसमध्ये ‘शास्त्रज्ञांना असं वाटतं’ एवढंच लिहून बघा. गाईड लाल पेनाने पहिलं वाक्य लिहितील: कोणत्या शास्त्रज्ञांना?

तोच प्रश्न आज घटनाकारांबद्दल विचारू. त्यासाठी एक जुनं, पण अजून सगळ्यांच्या संदर्भसूचीत असणारं पुस्तक घेतलंय. ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांचं ‘द इंडियन कॉन्स्टिट्यूशन: कॉर्नरस्टोन ऑफ अ नेशन’. प्रकाशन १९६६. मी राज्यशास्त्राची नाही, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. पण दुसऱ्या शाखेतला चांगला प्रबंध वाचला की आपल्या शाखेत गृहीत धरलेल्या गोष्टी उघड्या पडतात, म्हणून या ब्लॉगवर मधूनमधून आपण हे करतो. आणि हे पुस्तक मुळात प्रबंधच आहे. ऑस्टिन हे अमेरिकन. ऑक्सफर्डला डॉक्टरेटसाठी त्यांनी भारताच्या संविधान सभेचा विषय घेतला. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. परक्या देशातला विद्यार्थी, परकी भाषा, आणि पन्नास-साठ वर्षं टिकणारं काम. पीएचडी करणाऱ्याला हेवा वाटावा असंच आहे.

आधी त्यांचं म्हणणं नीट समजून घेऊ, मग भांडू. ऑस्टिन म्हणतात, संविधान सभेने दोन तत्त्वांनी काम केलं: सहमती आणि सामावून घेणं. म्हणजे काय तर नुसत्या बहुमताने प्रश्न रेटायचा नाही, शक्यतो सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. आणि परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन कल्पना एकाच घटनेत शेजारी बसवायच्या. त्यामागे त्यांना तीन धागे दिसतात, राष्ट्रीय एकता, लोकशाही आणि सामाजिक क्रांती, आणि ते एकमेकांत विणलेले आहेत असं ते मांडतात. पुरावा भरपूर आहे. छापील वादविवादांवर ते थांबले नाहीत. राजेंद्र प्रसाद, मुन्शी यांच्यासारख्यांची खासगी कागदपत्रं बघितली, हयात सदस्यांना जाऊन भेटले. सभागृहातलं भाषण ही बऱ्याचदा आधीच ठरलेल्या निर्णयाची जाहीर आवृत्ती असते, खरी चर्चा काँग्रेस पक्षाच्या बैठकीत होऊन गेलेली असते, हे त्यांनीच दाखवून दिलं. स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीचं उदाहरणही लपवलं नाही. भाषेच्या प्रश्नावर सभा कशी तुटायला आली होती यावर अख्खं प्रकरण आहे आणि तिथल्या तडजोडीला ते अर्ध्या मनाची म्हणतात. आपला निष्कर्ष जिथे लंगडतो ती जागा स्वतः दाखवायची, ही सवय या पुस्तकातून जरूर उचला.

आता भांडण.

सहमती मोजायची तर पहिला प्रश्न नमुन्याचा. कोणाकोणात सहमती? ऑस्टिन यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार फाळणीनंतर सभेत काँग्रेसचे सदस्य ८२ टक्क्यांच्या घरात होते. एका पक्षाचे लोक, त्यांची आधी वेगळी बैठक, तिथे ठरलेल्या भूमिकेला पक्षशिस्तीचं बळ. या नमुन्यात सहमतीचं प्रमाण जास्त येणारच. ऑस्टिन यावर म्हणतात की काँग्रेस हाच एक छोटा भारत होता, पक्षातच सगळ्या मतांचे लोक होते. बऱ्याच अंशी खरं आहे. बाहेरच्या अनेकांना पक्षाने मुद्दाम निवडून आणलं होतं. पण बाहेर राहिले कोण ते बघा. समाजवादी पक्षाने सभेवर बहिष्कार घातला, म्हणजे जयप्रकाश नारायण आणि लोहिया नाहीत. कम्युनिस्टांचा एकच सदस्य, बंगालचे सोमनाथ लाहिरी, फाळणीनंतर तेही गेले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाकडे संविधानाचा पूर्ण लिहिलेला मसुदा होता, महाराष्ट्रातले तारकुंडे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्या पक्षात होते, पण सभेत रॉय नव्हते. ज्यांचा विरोध मुळापासून होता ते दाराबाहेर, आणि आत बसलेल्यांचं एकमत आपण मोजतोय. संख्याशास्त्राच्या पेपरात याला काय म्हणतात ते कोर्सवर्क झालेल्यांना सांगायला नको.

आणि आपण? म्हणजे जालना? जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं (स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ चा). संविधान सभेत हैदराबादसाठी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. त्या भरल्याच गेल्या नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताचं संविधान स्वीकारलं, आणि २४ जानेवारी १९५० ला २८४ सदस्यांनी सह्या केल्या तेव्हा त्यात आपल्या भागातून निवडून गेलेलं कोणी नव्हतं. जनतेच्या सार्वभौमत्वाची घटना आमच्याकडे राजाच्या फर्मानाने आली, असं कोणी चेष्टेत म्हटलं तर कायद्याच्या अंगाने त्याला खोडून काढणं अवघड आहे. ऑस्टिन यांचं पुस्तक एकूण देशाचं आहे, त्यांनी जालन्याची चिंता करावी अशी अपेक्षा नाही. पण भोकरदन किंवा परतूरच्या ग्रामपंचायतींवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी जेव्हा ‘घटनाकार’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दात त्याच्या आजोबांचं मत नव्हतं एवढी नोंद तरी त्याने करावी.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: खेड्याचा. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाचा प्रश्नच असा आहे की सामाजिक क्रांतीकडे जायचा रस्ता कोणता. ऑस्टिन दोन रस्ते मांडतात. एक गांधीवादी, पंचायतीच्या पायावर उभा. दुसरा युरोप-अमेरिकेकडून आलेला संसदीय. सभेने दुसरा निवडला आणि पहिल्याला थोडी जागा दिली, असा निकाल ते देतात.

गांधीवादी रस्ता नुसता भाषणात नव्हता. वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये ‘गांधियन कॉन्स्टिट्यूशन फॉर फ्री इंडिया’ प्रसिद्ध केलं, खुद्द गांधीजींची प्रस्तावना घेऊन. त्यात गावची पंचायत प्रौढ मतदानाने, आणि तिथून वर तालुका, जिल्हा, प्रांत अशी अप्रत्यक्ष निवडणुकीची उतरंड. दिल्लीसाठी तुम्ही थेट मत द्यायचं नाही. तुम्ही पंच निवडायचे, पुढचं पंच बघतील. त्याच्याही आधी हा प्रयोग प्रत्यक्षात झाला होता आणि तोही मराठी मुलखात. औंध संस्थानात १९३९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतःची सत्ता कमी करून ७२ गावांना स्वराज्याची घटना दिली. अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांनी ती तडीस नेली, गांधीजींचं मार्गदर्शन होतं. गावचे पंच, पंचायतींच्या अध्यक्षांचं तालुका मंडळ, त्यातून वरची सभा. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग संपला. म्हणजे दिल्लीत खेड्याच्या प्रश्नावर वाद पेटला त्याच्या जेमतेम आठ महिने आधी! इंदिरा रॉदरमुंड यांचं १९८३ चं पुस्तक या प्रयोगावर आहे, ग्रामीण लोकशाहीवर काम करणाऱ्यांनी ते आधी वाचावं.

खेड्यावरचा हा वाद दोन बाजूंचा होता, असं ऑस्टिन यांच्या मांडणीतून वाटतं. माझ्या मते तो तिघांचा होता आणि तिसरी बाजू पुस्तकात तिच्या वजनाइतकी येत नाही. ती बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची, पण मसुदा समितीचे अध्यक्ष होण्याआधीची. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी एक निवेदन तयार केलं, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. ते निवेदन नावालाच आहे. प्रत्यक्षात कलमांच्या भाषेत लिहिलेली एक पर्यायी घटना आहे. पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे. विमा सरकारी. शेती हा सरकारी उद्योग: सरकारने जमीन ताब्यात घ्यायची, ठरावीक आकाराची शेतं पाडायची आणि गावातल्या कुटुंबगटांना जातिधर्म न बघता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यायची. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. आणि हे सगळं कायदेमंडळाच्या मर्जीवर न सोडता घटनेतच लिहायचं, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते मोडता येणार नाही. शिवाय अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी, कारण गावात राहून गावावर अवलंबून असलेला माणूस कागदावर कितीही स्वतंत्र असला तरी प्रत्यक्षात होत नाही.

याला संसदीय रस्ता म्हणायचं का? संसद आहे, मतदान आहे, पण संसदेच्या हाताबाहेर अख्खी अर्थव्यवस्था ठेवली आहे. गांधीवादी तर नाहीच. पुस्तकात या निवेदनाचा उल्लेख येतो तो मार्गदर्शक तत्त्वांच्या पूर्वतयारीतला एक प्रस्ताव म्हणून. प्रयोगाच्या वहीत तिसरा नमुना असताना आलेख दोनच नमुन्यांचा काढावा, तसं काहीसं हे झालं आहे.

त्यामुळे ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषणही वेगळं ऐकू यायला लागतं. मसुदा मांडताना आंबेडकरांनी खेड्यांचं गुणगान करणाऱ्यांना सुनावलं. खेडं हे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मसुद्याने खेडं सोडून व्यक्तीला घटक मानलं याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. सभेत खळबळ उडाली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे कामत, आंध्रचे रंगा आणि इतर अनेक तुटून पडले. शहरी, इंग्रजी शिकलेल्या माणसाचा खेड्याविषयीचा तिटकारा, अशी त्या भाषणाची सोपी वासलात तेव्हाही लावली गेली, आजही लावतात. पण १९४७ चं निवेदन शेजारी ठेवून वाचा. तिटकारा खेड्याच्या मागासपणाचा नाही. तिथली जमीन कोणाच्या हातात आहे आणि ‘गाव’ म्हणजे गावातला कोण, हा त्यातला प्रश्न आहे. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला ग्रंथालयात जावं लागत नाही. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा कोणत्या वस्त्या जळाल्या आणि गावातल्या कोणत्या बाजूच्या होत्या, ते घरोघरी माहीत आहे.

मग पुढे काय झालं? अठरा दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांनी ग्रामपंचायतींचं नवं कलम सुचवलं, आणि आंबेडकरांनी फार न बोलता ते स्वीकारलं. तेच आजचं कलम ४०. ऑस्टिन यांच्या दृष्टीने सामावून घेण्याचं हे नमुनेदार उदाहरण. मला ते तसं वाटत नाही. कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि कलम ३७ सांगतं की ही तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. वाद सुटला नव्हता, तो डीप फ्रीझरमध्ये ठेवला. आमच्या लॅबमध्ये जो नमुना फेकायचा धीर होत नाही आणि ज्यावर आत्ता काम करायला वेळ नसतो तो उणे वीसला जातो, लेबल लावून. सगळ्यांचं समाधान. पण त्याला ‘विश्लेषण पूर्ण’ असं कोणी लिहीत नाही. एखाद्या मजकुराच्या जागेवर एकमत होणं आणि त्याच्या अर्थावर एकमत होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सहमतीच्या सिद्धान्तात त्या मिसळल्या गेल्यात.

आता एक कोडं, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं.

१५ नोव्हेंबर १९४८. प्रा. के. टी. शहा दुरुस्ती सुचवतात: पहिल्याच कलमात भारत ‘सेक्युलर, संघराज्यात्मक, समाजवादी’ असल्याचं लिहा. विरोध कोण करतं? आंबेडकर. कारण काय देतात? समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं असतं. घटनेत ते बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच मोडणं. वीस महिन्यांपूर्वी याच माणसाने नेमकं हेच घटनेत बांधून टाकायची मागणी केली होती. डिसेंबर १९४६ मध्ये नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बोलतानाही जमीन आणि उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख नाही म्हणून नाराजी दाखवली होती.

इथे विद्यार्थी दोन चुका करतात. एक गट १९४७ उचलतो आणि ‘आंबेडकर राज्य-समाजवादी होते’ म्हणून मोकळा होतो. दुसरा १९४८ उचलतो आणि ‘आंबेडकरांनी समाजवाद नाकारला’ म्हणतो. दोघांकडे अस्सल अवतरण असतं. तळटीप बरोबर, निष्कर्ष हवेत.

असं कोडं आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत मॅडिसन आणि हॅमिल्टन यांनी जे यांच्यासह १७८७-८८ मध्ये ‘फेडरलिस्ट’चे ८५ लेख लिहून नव्या घटनेची बाजू लढवली. घटना लागू होऊन दोन वर्षंही झाली नाहीत तोवर, १७९१ मध्ये, हॅमिल्टन यांनी राष्ट्रीय बँकेचा प्रस्ताव आणला आणि मॅडिसन उठून म्हणाले, घटनेत याला आधार नाही. जेफर्सन यांनीही राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना तसंच लेखी मत दिलं. हॅमिल्टन यांनी त्याच कलमातून उलटा अर्थ काढून दाखवला आणि वॉशिंग्टन यांनी सही केली. पुढे १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही कोणाची? मॅडिसन यांची. दरम्यान संसदेने, न्यायालयांनी आणि लोकांनी ती संस्था वर्षानुवर्षं चालवून मान्य केली आहे, हे त्यांचं कारण. तेव्हा ‘मॅडिसनना काय अपेक्षित होतं’ याचं उत्तर कोणत्या सालच्या मॅडिसनना, असंच द्यावं लागतं. ऑस्टिन स्वतः त्या देशातून आले होते. तिथल्या घटनाकारांच्या भांडणांवर ग्रंथालयं भरली आहेत. आपल्याकडे बघताना मात्र त्यांना सहमती ठळक दिसली. तो काळही तसा होता. लुई हार्ट्झ यांचं पुस्तक १९५५ चं, अमेरिकेचा सगळा इतिहास मूलभूत एकमताचा मानणारी मांडणी तेव्हा जोरात होती. अर्थात काळ एक असणं म्हणजे कारण असणं नव्हे. यावर कोणाला लेख लिहायचा असेल तर आधी ऑस्टिन यांच्या टिपांमध्ये ते शोधावं लागेल.

कोड्याकडे परत येते. मी वापरते तो निकष आमच्या शाखेतला आहे. एखादा पीक नमुन्याचा आहे की सॉल्व्हंटचा, हे कसं ठरवतात? सॉल्व्हंट बदलून बघतात. पीक जागेवर राहिला तर तो नमुन्याचा. माणसाच्या विचाराचंही तसं करता येतं: पद बदललं, व्यासपीठ बदललं, तरी कोणतं विधान जागेवर राहिलं?

खेड्याबद्दलचं मत घ्या. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला आंबेडकरांनी विरोध केला, तेव्हा ते सरकारमध्ये नव्हते. १९४७ मध्ये एका पक्षाचे प्रवक्ते. १९४८ मध्ये कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष. तीन पदं, सोळा वर्षं, विधान जागेवर. हा पक्का विचार. आर्थिक विषमतेचं बघा: १९४७ मध्ये ती मध्यवर्ती, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणातही, राजकारणात समता आणि समाजात-अर्थकारणात विषमता हा विरोध फार काळ टिकणार नाही असा इशारा. हेही जागेवर. हललं काय? फक्त साधन: विषमता मोडायची ती घटनेच्या कुलपात बंद करून की पुढच्या संसदांवर सोपवून. आणि ते हललं तेव्हाच नेमकं पदही बदललेलं होतं. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली. अध्यक्ष म्हणून उभा असलेला माणूस सभेने आधी ठरवलेल्या चौकटीचा बचाव करत होता.

मग ते बोलणं मनापासूनचं नव्हतं का? एवढं सोपं नाही. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत ते चिडून म्हणाले की मला जे सांगितलं ते मी इच्छेविरुद्ध केलं, ही घटना जाळायला मीच पहिला असेन. हे वाक्य सगळ्यांना पाठ. पण १९ मार्च १९५५ ला त्याच सभागृहात त्यांनी खुलासा केला: देवासाठी मंदिर बांधलं आणि त्यात असुर येऊन बसले तर दुसरं काय करणार. पहिलं वाक्य वापरणारा दुसरं सहसा वापरत नाही. आणि १९४९ च्या समारोपात त्यांनी जेफर्सन यांचाच दाखला दिला होता, एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये असा. तो आपद्धर्म म्हणून दिलेला नव्हता. घटनादुरुस्तीची सोय का सैल ठेवली याच्या समर्थनार्थ होता. माझं मत विचाराल तर १९४७ ते १९४९ मध्ये त्यांचं साध्य बदललं नाही, पण साधनाबद्दलची माघार थोडी पदामुळे आणि थोडी पटल्यामुळे होती. दोन्हींचं प्रमाण किती, हे ‘सहमती’ या एका शब्दाने झाकून टाकणं मात्र मला मान्य नाही.

डीप फ्रीझरमधल्या नमुन्याचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण तिथे ऑस्टिन यांच्या पुस्तकाच्या पुढची गोष्ट सुरू होते. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, लागू २४ एप्रिल १९९३. सगळीकडे लिहिलेलं असतं की गांधीजींचं ग्रामस्वराज्याचं स्वप्न घटनेत आलं. कलमं उघडून बघा. गाव, मधला स्तर आणि जिल्हा, तिन्ही ठिकाणच्या जागा थेट मतदानाने. म्हणजे अग्रवालांच्या मसुद्यातली अप्रत्यक्ष उतरंड गेली. कलम २४३-घ मध्ये अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, स्त्रियांना किमान एक तृतीयांश, अध्यक्षपदांनाही आरक्षण. ‘गावाला एकच आवाज असतो’ हे गृहीतक मोडूनच ही पंचायत उभी आहे. पाटी गांधीजींच्या नावाची, आतल्या अटी १९३२ पासून आंबेडकर ज्या भीतीने बोलत होते त्या भीतीला दिलेलं उत्तर. जमिनीचा प्रश्न मात्र दोन्ही वेळा बाहेरच राहिला.

आता हे तुमच्या कामात कसं वापराल? सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांनी निवडावा, यावर महाराष्ट्रात २०१७ मध्ये कायदा बदलला, २०२० मध्ये उलटा फिरवला, २०२२ मध्ये परत सुलटा केला. जालना जिल्ह्यातल्या गावांवर यासंबंधी काम करायचा विचार किमान दोघांनी मला कळवलाय, आणि दोघांच्याही टिपणात पहिलं वाक्य तेच: घटनाकारांना अपेक्षित होतं. एकाचा निष्कर्ष थेट निवडीच्या बाजूने, दुसऱ्याचा विरुद्ध! ते वाक्य काढून असं काही लिहून बघा: ‘१९४६ च्या अग्रवाल मसुद्यात गावावरच्या सर्व स्तरांची निवड अप्रत्यक्ष होती, ४ नोव्हेंबर १९४८ ला आंबेडकरांनी व्यक्ती हा घटक मानला, कलम ४० ने पद्धतीबद्दल काहीच सांगितलं नाही, आणि ७३ व्या दुरुस्तीने गावच्या अध्यक्षाच्या निवडीची पद्धत कलम २४३-ग (५) नुसार राज्याच्या कायद्यावर सोडली.’ चार नोंदी, प्रत्येकीला तारीख किंवा कलम. वादविवादांचे बारा खंड ऑनलाइन मोफत मिळतात. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या पहिल्या खंडात १९४७ चं निवेदन आहे आणि तेराव्यात संविधान सभेतली भाषणं. हे दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसा, ऑस्टिन त्यानंतर वाचा.